संप आणि निरोधन : भारतातील न्यायनिर्णय

कामगारांनी संगनमताने काम थांबविणे म्हणजे संप आणि संप चालू असताना कारखान्याच्या फाटकाजवळ उभे राहून इतरांना कामावर जाण्यापासून परावृत्त करणे म्हणजे निरोधन किंवा पिकेटिंग. व्यवहारात ही दोन्ही एकाच झगड्याची अंगे आहेत. मालकाला बदली कामगार सहज मिळत असतील, तर फाटकावर कोणी उभे नसलेला संप फार काळ तग धरत नाही. कायद्याने मात्र या दोहोंचा विचार बराच वेगवेगळा केला. कामगार आपले काम थांबवितो तेव्हा तो स्वतःचे श्रम रोखून धरतो. फाटकावर उभा राहतो तेव्हा तो दुसऱ्याच्या इच्छेवर परिणाम घडवू पाहतो. हा परिणाम मन वळविण्याने घडतो की वाट अडविण्याने, हा न्यायालयांपुढील जुना प्रश्न आहे. भारतात त्याचे उत्तर देताना आणखी एक अडचण होती. येथील विधिमंडळांनी संपाचा हक्क असा शब्दांत कधी दिला नाही. संप करणाऱ्यास काही दायित्वांपासून सूट तेवढी दिली. हक्क आणि सूट यांतील हे अंतर जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयात पुन्हापुन्हा पुढे आले आहे.

पार्श्वभूमी : कंपनी सरकारच्या अस्तानंतर लगेचच संमत झालेल्या १८५९ च्या श्रमिक करारभंग अधिनियमाने आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची सोय मालकांना करून दिली. दंडाधिकाऱ्याने रक्कम परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम द्यावा आणि तो न पाळल्यास मजुराला सक्तमजुरीवर पाठवावे, अशी ती व्यवस्था होती. मालकाने करार मोडला, तर मजुराला दिवाणी दाव्याचाच मार्ग मोकळा होता. भारतीय दंडसंहितेतील ४९० व ४९२ ही कलमेही याच धाटणीची होती. हा अधिनियम आणि ही कलमे १९२५ च्या कायद्याने रद्द झाली. तोपर्यंत काम सोडणे हा काही मजुरांच्या बाबतीत अक्षरशः गुन्हा होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढील न्यायनिर्णयांचे महत्त्व लक्षात येत नाही.

इंग्लंडमध्ये या सुमारास कायदा बराच पुढे गेलेला होता. पण तोही सरळ मार्गाने गेला नव्हता. १८७५ च्या अधिनियमाने एखाद्याच्या घरावर किंवा कामाच्या जागेवर पाळत ठेवणे व तिला वेढा देणे हा गुन्हा ठरविला. केवळ माहिती मिळविण्यासाठी किंवा देण्यासाठी तेथे उपस्थित राहणे मात्र त्यातून वगळले. माहिती देणे आणि मन वळविणे यांत फरक आहे की नाही, हा प्रश्न लायन्स विरुद्ध विल्किन्स या खटल्यात (१८९६–९९) उभा राहिला. न्यायालयाने फरक आहे असे ठरविले आणि शांततामय निरोधनाचा आधारच गेला. त्यापाठोपाठ वेल्समधील टॅफ व्हेल रेल्वेवरील ऑगस्ट १९०० च्या संपातून निघालेल्या दाव्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०१ मध्ये असा निर्णय दिला, की संपामुळे झालेल्या नुकसानीबद्दल कामगार संघटनेवर तिच्या नावाने दावा लावता येतो व भरपाई तिच्या निधीतून वसूल करता येते. संघटनेला भरपाईपोटी २३,००० पौंड द्यावे लागले. खर्च धरून ही रक्कम ४२,००० पौंडांच्या घरात गेली. सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या कोणत्याही संघटनेला असा एक निकाल संपवू शकला असता. ब्रिटिश मजूर पक्षाच्या उदयास जी कारणे घडली, त्यांत या निकालाचा वाटा मोठा आहे. १९०६ च्या ट्रेड डिस्प्यूट्स अ‍ॅक्टने हे दोन्ही निर्णय निष्प्रभ केले : संघटनेच्या निधीला संरक्षण मिळाले आणि शांततेने मन वळविण्यासाठी फाटकाजवळ उपस्थित राहणे वैध ठरले.

मद्रासचा खटला : १९०६ चा हा कायदा भारताला लागू नव्हता. त्यामुळे इंग्लंडने टाकून दिलेली विधितत्त्वे येथे जिवंत राहिली होती. याचा प्रत्यय मद्रासमध्ये आला. पेरांबूर येथील बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांनी २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास लेबर युनियन स्थापन केली. देशातील पहिली सुसंघटित कामगार संघटना म्हणून तिचा उल्लेख केला जातो. तिचे अध्यक्ष बहमन पेस्तनजी वाडिया हे मूळचे मुंबईचे, थिऑसॉफिकल सोसायटीचे कार्यकर्ते व अ‍ॅनी बेझंट यांचे सहकारी होते. १९२० च्या अखेरीस गिरणीत टाळेबंदी व संघर्ष यांना ऊत आला, तेव्हा गिरण्यांचे व्यवस्थापन पाहणाऱ्या बिनी कंपनीने वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांवर मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. कामगारांना नोकरीचा करार मोडण्यास प्रवृत्त केले, हा आरोप. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. कामगारांशी बोलणे, त्यांना कामावर न जाण्याचा सल्ला देणे एवढ्यावरून संघटनेच्या पुढाऱ्यावर भरपाईचा बोजा पडू शकतो, हे त्यामुळे देशभरच्या कार्यकर्त्यांना कळून चुकले. वाडिया पुढे लवकरच कामगार चळवळीतून दूर झाले.

या खटल्याचा परिणाम मद्रासपुरता राहिला नाही. मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक नारायण मल्हार जोशी हे तेव्हा मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते. कामगार संघटनांची नोंदणी व संरक्षण यांसाठी कायदा करावा, असा ठराव त्यांनी १९२१ मध्ये मांडला आणि तो संमत झाला. कायदा व्हायला मात्र आणखी पाच वर्षे लागली. १९२६ चा कामगार संघटना अधिनियम १ जून १९२७ पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने नोंदलेल्या संघटनेचे पदाधिकारी व सभासद यांना, त्यांच्यातील करार एखादा अपराध करण्याविषयीचा नसेल तर, फौजदारी कटाच्या आरोपापासून मुक्त केले. १८ व्या कलमाने औद्योगिक विवादाच्या ओघात एखाद्यास नोकरीचा करार मोडण्यास प्रवृत्त केल्याबद्दल दिवाणी दाव्यापासून संरक्षण दिले. बिनी कंपनीने ज्या कारणासाठी दावा लावला होता, नेमके तेच कारण या कलमाने दूर केले.

एक उणीव मात्र राहिली. इंग्लंडच्या १९०६ च्या कायद्यात शांततामय निरोधनास स्पष्ट मान्यता होती. भारतीय अधिनियमात तसे एकही कलम नव्हते. त्यामुळे भारतात निरोधन वैध ठरायचे ते ‘त्यात कोणताही अपराध घडला नाही’ एवढ्या नकारात्मक कारणाने. पुढील पन्नास वर्षांतील बहुतेक वाद या मोकळ्या जागेत वाढले.

राष्ट्रीय चळवळ आणि निरोधन : सामान्य भारतीयाला पिकेटिंग हा शब्द परिचित झाला तो गिरणीच्या फाटकावरून नव्हे, तर परदेशी कापड व दारू यांच्या दुकानांवरून. १९३० च्या सविनय कायदेभंगात स्त्रियांनीही मोठ्या संख्येने दुकानांपुढे निरोधन केले. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात परदेशी कापडाची मालमोटार अडविताना तिच्याखाली सापडून हुतात्मा झालेला बाबू गेनू हा स्वतः गिरणी कामगार होता. ५ मार्च १९३१ च्या गांधी–आयर्विन करारात शांततामय निरोधनास मुभा देण्यात आली. पण त्यात जबरदस्ती, धाकदपटशा, वैरभावाचे प्रदर्शन वा लोकांना अडथळा असता कामा नये, अशी अट होती. न्यायालये पुढे संपाच्या खटल्यांत जी कसोटी लावू लागली, तीच ही कसोटी म्हणता येईल.

करार मोडीत निघाल्यावर सरकारने प्रथम वटहुकूम काढले आणि मग १९३२ चा फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियम केला. त्याच्या ७ व्या कलमानुसार एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध कृती करण्यास भाग पाडण्याच्या हेतूने अडविणे, त्याच्या घराजवळ वा धंद्याच्या जागेजवळ रेंगाळणे किंवा तत्सम वर्तन करणे शिक्षेस पात्र ठरले. कलम लिहिताना सरकारच्या डोळ्यांसमोर काँग्रेसचे स्वयंसेवक होते. पण शब्द एवढे व्यापक होते, की कारखान्याच्या फाटकावर उभ्या असलेल्या संपकऱ्यालाही ते तंतोतंत लागू पडत. स्वराज्य आल्यावरही हे कलम टिकले आणि संपकऱ्यांवर वापरले गेले. परकीय सत्तेविरुद्धच्या चळवळीसाठी घडविलेले हत्यार स्वकीय कामगारांवर चालावे, यातील विसंगती त्या काळी अनेकांनी बोलून दाखविली.

संपाचे नियमन करणारे कायदेही याच सुमारास आले. मुंबईतील गिरणी कामगारांचा १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. त्यानंतरच्या १९२९ च्या व्यवसाय विवाद अधिनियमाने लोकोपयोगी सेवांत पूर्वसूचनेशिवाय संप करणे आणि समाजास हाल सोसायला लावून सरकारवर दडपण आणण्यासाठी संप करणे अवैध ठरविले. मुंबई प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये औद्योगिक विवाद विधेयक आणले. त्यात तडजोडीची लांबलचक प्रक्रिया पुरी होण्यापूर्वीचा संप अवैध होता. विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे आणि काम नाकारण्याबद्दल कामगाराला शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. स्वतंत्र मजूर पक्ष व साम्यवादी यांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा निषेध संप केला. विधेयक तरीही संमत झाले. भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद पुढे आंबेडकरांकडेच आले. पण संविधानात संपाचा हक्क मूलभूत हक्क म्हणून आला नाही. अनुच्छेद १९ मध्ये भाषण, शांततेने सभा घेणे आणि संघटना स्थापणे यांची स्वातंत्र्ये आली. संप यांपैकी कशात बसतो, हे न्यायालयांवर सोपविले गेले.

अवैध संप व त्याचे परिणाम : १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या २२ ते २४ या कलमांनी संप केव्हा अवैध होतो हे सांगितले. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या पहिल्या महत्त्वाच्या प्रकरणांपैकी एक पेरांबूरच्या त्याच गिरणीचे होते. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सूर्यग्रहणाची सुटी मिळावी अशी कामगारांची विनंती व्यवस्थापनाने मानली नाही. कर्नाटिक गिरणीच्या पिंजण व कताई खात्यांतील रात्रपाळीच्या ८५९ कामगारांनी दुपारी ४ ते ५ च्या दरम्यान काम थांबविले. रात्री ८ वाजेपर्यंत ते पुन्हा सुरू झाले होते. कोणी कोणाला मारले नाही की अडविले नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये असे ठरविले, की ही संपाच्या व्याख्येत बसणारी कृती होय आणि कापड उद्योग तेव्हा लोकोपयोगी सेवा म्हणून घोषित असल्यामुळे सूचनेविना झालेला हा संप अवैध होय. काही तासांच्या त्या खंडामुळे सलग सेवा तुटली असे धरले गेले आणि कामगारांचा पगारी रजेचा लाभ गेला. अवैध संपाची किंमत तुरुंगवासापेक्षा अशा लहानसहान हक्कांच्या रूपाने कामगाराला अधिक वेळा मोजावी लागली आहे.

या कडक भूमिकेला सौम्य करण्याचे काम न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या निर्णयांनी बऱ्याच अंशी केले. मूळचे साताऱ्याचे गजेंद्रगडकर मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि औद्योगिक कायद्याच्या क्षेत्रात त्यांचा शब्द दीर्घकाळ प्रमाण राहिला. पंजाब नॅशनल बँकेच्या कर्मचाऱ्यांनी १९५१ मध्ये लेखणीबंद संप केला होता. कर्मचारी कचेरीत आले, आपापल्या जागी बसले आणि त्यांनी काम केले नाही. १९५९ च्या निर्णयात गजेंद्रगडकर यांनी म्हटले, की हा संपच आहे. परंतु अवैध संपात नुसता भाग घेतला एवढ्यावरून कर्मचाऱ्यास बडतर्फ करता येणार नाही. कोणी काय केले याची रीतसर चौकशी व्हावयास हवी. त्याच वर्षी इंडिया जनरल नॅव्हिगेशन या जलवाहतूक कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने एकीकडे अवैध संप समर्थनीय असू शकत नाही असे म्हटले, तर दुसरीकडे हिंसा करणारे व कामावर जाणाऱ्यांची वाट अडविणारे संपकरी आणि केवळ घरी बसलेले संपकरी यांना एकाच मापाने शिक्षा देता येणार नाही असेही बजावले. शिस्तभंगाच्या शेकडो प्रकरणांत कामगारांना उपयोगी पडले ते हेच विधान.

संविधानाची कसोटी : संप हा मूलभूत हक्क नाही, या आज सर्वत्र उद्धृत होणाऱ्या सिद्धांताचा उगम एका निराळ्याच वादात आहे. बँकांना आपल्या गुप्त राखीव निधीची माहिती न्यायाधिकरणापुढे उघड करण्यास भाग पाडता येऊ नये, अशी तरतूद बँकिंग कंपन्यांच्या कायद्यात ३४ अ कलमान्वये घालण्यात आली होती. बँकेची खरी ऐपत कळल्याशिवाय वेतनवाढ कशी मागायची, असा अखिल भारतीय बँक कर्मचारी संघाचा प्रश्न होता. मुंबईत काम करणाऱ्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणापुढे हे प्रकरण चालले होते. संघटना स्थापण्याच्या हक्कात ती परिणामकारक करण्याची साधनेही येतात, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात करण्यात आला. न्यायालयाने १९६१ मध्ये तो फेटाळला. संघटना स्थापण्याचा हक्क अनुच्छेद १९ देतो; सामुदायिक सौदाशक्तीचा किंवा संपाचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हणजे ज्या खटल्यात संपच नव्हता, त्यात संपाचे संवैधानिक भवितव्य ठरले. साधनांवाचून संघटनेला अर्थ काय उरतो, या आक्षेपाला या निर्णयात पुरेसे उत्तर मिळत नाही.

दुसरा धागा निदर्शनांचा. बिहार सरकारने आपल्या सेवकांना कोणत्याही प्रकारचे निदर्शन वा संप करण्यास नियमाने बंदी केली होती. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य (१९६२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम निदर्शनांपुरता रद्द केला. निदर्शन हे मनातील भावना दृश्य स्वरूपात व्यक्त करण्याचा प्रकार आहे, म्हणून ते भाषणस्वातंत्र्यात मोडते. जमावाने दगडफेक केली तर तेही एक निदर्शनच, पण त्याला संरक्षण नाही. संपाच्या बंदीला न्यायालयाने हात लावला नाही. त्याच वर्षी ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ या मुंबईतून गेलेल्या प्रकरणात हीच विभागणी कायम झाली. १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपापूर्वीच्या निदर्शनांचा त्याला संदर्भ होता. मान्यता नसलेल्या संघटनेचे सभासद राहण्यास कर्मचाऱ्यांना मनाई करणारा नियमही या निर्णयाने गेला.

याचा परिणाम मजेशीर झाला. काम थांबविणे संविधानाबाहेर राहिले. पण फाटकाबाहेर शांतपणे उभे राहून फलक दाखविणे, घोषणा देणे, सहकाऱ्यास विनविणे यांना भाषणस्वातंत्र्याचा आधार मिळाला. अमेरिकेत थॉर्नहिल विरुद्ध अलाबामा (१९४०) या खटल्यात निरोधनाला हाच आधार देण्यात आला होता. पुढील सतरा वर्षांत तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो क्रमाक्रमाने आखडता घेतला. भारतातही मर्यादा लवकरच आली. रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग (१९६९) मध्ये न्यायालयाने सांगितले, की भाषणाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत जाऊन वापरता येत नाही. आवारात सभा घेण्यास मालक मनाई करू शकतो. त्यामुळे निदर्शनाची जागा फाटकाबाहेर सरकली.

घेराव : १९६७ मध्ये पश्चिम बंगालमध्ये संयुक्त आघाडीचे सरकार आले आणि घेरावांची लाट उसळली. व्यवस्थापकाला त्याच्या खोलीत तासन् तास कोंडून मागण्या मान्य करून घेण्याचा हा प्रकार. मार्च व जून १९६७ मधील सरकारी परिपत्रकांनी पोलिसांना सूचना दिली, की घेरावाची बाब आधी श्रममंत्र्यांकडे न्यावी. जय इंजिनिअरिंग वर्क्स या कंपनीने व इतरांनी या परिपत्रकांना आव्हान दिले. मुख्य न्यायमूर्ती डी. एन. सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या विशेष पीठाने सप्टेंबर १९६७ मध्ये परिपत्रके रद्द केली. अन्याय्य प्रतिबंध व अन्याय्य बंदिवास हे दंडसंहितेतील अपराध आहेत. ते घडले की १९२६ च्या अधिनियमातील १७ व १८ या कलमांची ढाल गळून पडते, असा त्या निर्णयाचा आशय होता. निर्णयाने शांततामय संप व निदर्शने यांना धक्का लावला नाही, हे मात्र अनेकदा विसरले जाते. नंतरच्या काळात संघटनांवर मनाई हुकूम मागणाऱ्या मालकांच्या वकिलांनी या निकालाचा पहिला अर्धा भाग तेवढा वाचून दाखविला.

भरपाईचा प्रश्न : टॅफ व्हेलची छाया भारतावर पुन्हा एकदा पडली ती बिहारमधील डालमियानगर येथे. रोहतास इंडस्ट्रीजमधील १९४८ च्या अवैध संपाबद्दल लवादांनी कामगारांनीच कंपनीला नुकसानभरपाई द्यावी असा निवाडा दिला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाले ते डिसेंबर १९७५ मध्ये, म्हणजे संपानंतर २७ वर्षांनी. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निर्णयानुसार औद्योगिक विवाद अधिनियमाने अवैध संपाबद्दल जी शिक्षा सांगितली आहे, तिच्यापलीकडे जाऊन धंद्यातील तोट्याची भरपाई कामगारांकडून मागता येत नाही. संपाचा हेतू मालकाला इजा करण्याचा नसून स्वतःचे हित साधण्याचा असेल, तर तो दिवाणी कटही होत नाही. भारतीय कामगार संघटनांच्या दृष्टीने हा कदाचित सर्वांत मोलाचा निर्णय असावा. त्याने त्यांना काही नवे दिले नाही. मद्रासमध्ये १९२० साली जे हिरावले जाऊ शकले असते ते कायमचे सुरक्षित केले.

महाराष्ट्र : कायद्याने निरोधनाची सीमा शब्दांत आखली ती प्रथम महाराष्ट्राने. कामगार संघटनांना मान्यता देणे व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणे यासाठीचा १९७१ चा राज्य अधिनियम ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. संपात सामील नसलेल्या कामगारांना आत जाणे शरीरतः अशक्य व्हावे अशा रीतीने निरोधन करणे, त्यांना हिंसेच्या धमक्या देणे, कामाचा वेग मुद्दाम मंदावणे, कामाची वेळ संपल्यावर आवारात ठाण मांडणे, घेराव घालणे आणि मालकाच्या किंवा व्यवस्थापकांच्या राहत्या घरांपुढे निदर्शने करणे या गोष्टी त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत संघटनांच्या अनुचित प्रथा म्हणून आल्या. याचा व्यत्यास महत्त्वाचा : आत जाणाऱ्याची वाट मोकळी ठेवून केलेले निरोधन अनुचित नाही. केंद्रीय कायद्यात अशीच अनुसूची १९८२ च्या दुरुस्तीने आली आणि ती १९८४ मध्ये लागू झाली.

हे वाद कोणत्या न्यायालयात चालावेत, हाही प्रश्न मुंबईतीलच एका प्रकरणाने मार्गी लावला. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या खटल्यात (१९७५) सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की जो हक्क औद्योगिक विवाद अधिनियमानेच निर्माण केला आहे, त्याच्यासाठी दिवाणी न्यायालयात जाता येत नाही. सर्वसाधारण कायद्यातील हक्कासाठी मात्र जाता येते. फाटकावरील अडथळा हा दुसऱ्या प्रकारात बसविता येत असल्याने मालक मनाई हुकूमासाठी दिवाणी न्यायालयांची दारे ठोठावीत राहिले. फाटकापासून अमुक अंतराच्या आत निदर्शने करू नयेत, अशा स्वरूपाचे हुकूम देशात अनेक ठिकाणी दिले गेले. अंतर जितके वाढते, तितकी मन वळविण्याची संधी कमी होते. आत जाणारा कामगार बसमधून फाटकात शिरत असेल, तर दूरवर उभ्या संपकऱ्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. वाट मोकळी ठेवण्याचा हेतू योग्य असला, तरी शांततेने विनवणी करण्याचा हक्क अशा हुकूमांनी पुष्कळदा नावापुरता उरला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. दत्ता सामंत त्यांचे नेते होते; पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाखालील प्रातिनिधिक संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही होती. वाटाघाटींचा अधिकार तिच्याकडेच असल्याने कायद्याच्या नजरेत हा संप आरंभापासूनच अवैध होता. कामगारांची निष्ठा एकीकडे आणि कायद्याची मान्यता दुसरीकडे, असा हा पेच न्यायालयात सुटण्याजोगा नव्हता आणि तो तेथे सुटलाही नाही.

वेतन, बंद आणि सरकारी सेवक : संपाच्या दिवसांचे वेतन मिळावे काय, याविषयी निर्णय बराच काळ एकमेकांशी जुळत नव्हते. क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज (१९७८) प्रकरणात वैध व समर्थनीय संपाच्या काळाचे वेतन मान्य झाले. बँक ऑफ इंडियातील चार तासांच्या संपाबद्दल पूर्ण दिवसाचे वेतन कापले गेले होते; न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी १९९० मध्ये परिस्थितीनुसार अशी कपात करता येते असे ठरविले. शेवटी सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात (१९९४) संविधानपीठाने संप वैध आणि समर्थनीय अशा दोन्ही कसोट्यांना उतरला तरच वेतन देय होते, असा नियम घालून दिला.

दरम्यान बी. आर. सिंग विरुद्ध भारत सरकार (१९८९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संप हे निदर्शनाचेच एक रूप असून कामगारांच्या हातातील ते महत्त्वाचे साधन आहे, असे म्हटले. मूलभूत हक्काचे स्थान त्यास नसले, तरी गाऱ्हाणी दूर करून घेण्याचा मार्ग म्हणून कायद्याने त्यास मान्यता दिली आहे, हे या निर्णयाचे सूत्र होते. १९९७ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचा ‘बंद’विरोधी निर्णय सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. इतरांच्या संचारस्वातंत्र्यावर सक्ती करणारा बंद घटनाबाह्य ठरविताना न्यायालयाने तो सार्वत्रिक संप किंवा हरताळ यांपासून वेगळा काढला होता. सार्वजनिक चर्चेत हा भेद फारसा पाळला गेला नाही.

सर्वांत मोठी खळबळ उडविली ती टी. के. रंगराजन विरुद्ध तमिळनाडू सरकार या ६ ऑगस्ट २००३ च्या निर्णयाने. संपावर गेलेल्या दीड लाखाहून अधिक सरकारी कर्मचारी व शिक्षकांना राज्य सरकारने वटहुकूमाच्या आधारे एका फटक्यात बडतर्फ केले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थीने बिनशर्त माफी व हमीपत्र घेऊन बहुतेकांना परत घेण्यात आले. पण निर्णयात न्यायालयाने सरकारी सेवकांना संपाचा मूलभूत, कायदेशीर, नैतिक वा न्यायबुद्धीवर आधारलेला कोणताच हक्क नाही असे म्हटले. मूलभूत हक्काबाबतचे विधान १९६१–६२ च्या निर्णयांना धरून होते. त्यापुढील विधाने मात्र दोन न्यायाधीशांच्या पीठाने पूर्वीच्या निर्णयांचा, विशेषतः बी. आर. सिंग खटल्यातील भूमिकेचा, पुरेसा परामर्श न घेता केली, ही टीका रास्त आहे. जो कायदा संपाची सूचना कशी द्यावी व तो केव्हा वैध ठरतो हे सांगतो, तो संपाला काही तरी कायदेशीर स्थान देतोच. निर्णयाचे शब्द सरकारी सेवकांपुरते होते. तरी खाजगी कारखान्यांतील वादांतही ते उद्धृत होऊ लागले.

संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत १९२६ व १९४७ चे अधिनियम विलीन झाले आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती असलेली पूर्वसूचनेची सक्ती तिने सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केली : संपापूर्वी किमान १४ दिवसांची सूचना आवश्यक झाली. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजाही संप म्हणून गणली जाऊ लागली. सूर्यग्रहणाच्या सुटीसाठी पेरांबूरला झालेला काही तासांचा कामबंद १९४८ मध्ये अवैध ठरला, कारण कापड उद्योग लोकोपयोगी सेवा म्हणून घोषित होता. नव्या संहितेखाली तसाच कामबंद अवैध ठरण्यासाठी अशा घोषणेची गरज उरलेली नाही.